संदर्भसूची : संशोधनाचा पत्ता

प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहून झाले, की संशोधकाला आपले काम संपल्यासारखे वाटते. मग उरलेल्या दोन-तीन दिवसांत घाईघाईने संदर्भसूची जुळवली जाते. कुठे प्रकाशनाचे वर्ष राहते, कुठे पृष्ठांक, तर कुठे संपादकाचेच नाव. परीक्षक मात्र पुष्कळदा प्रबंध हाती घेताच प्रथम शेवटची पाने उलटतात. संशोधकाने काय वाचले, किती काळजीने वाचले आणि जे वाचले त्याची नोंद किती प्रामाणिकपणे ठेवली, हे त्यांना तिथेच कळते.

संदर्भ म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता होय. घराचा पत्ता पोस्टमनला दारापर्यंत पोहोचवतो. संदर्भाने अनोळखी वाचकाला त्याच ग्रंथाच्या, त्याच आवृत्तीच्या, त्याच पानापर्यंत नेले पाहिजे. नोंद कशी करावी याचे सारे नियम या एका गरजेतून निघाले आहेत. ती लक्षात ठेवली, तर स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे हे पाठ करण्याचा ताण बराच हलका होतो.

टीप, संदर्भ आणि सूची

या तीन शब्दांत नेहमी गल्लत होते. मजकुरातील एखाद्या विधानाचा आधार त्याच पानाच्या तळाशी किंवा प्रकरणाच्या अखेरीस दिला, तर ती तळटीप किंवा अंत्यटीप. तीत नेमका पृष्ठांक हवाच. मजकुरातच कंसात आडनाव, वर्ष वा पृष्ठांक देणे ही दुसरी पद्धत. लेखनाच्या शेवटी अक्षरक्रमाने दिलेली यादी ती संदर्भसूची. तीत संपूर्ण पुस्तकाच्या नोंदीला पृष्ठांक लागत नाही, परंतु नियतकालिकातील लेखाला किंवा संपादित ग्रंथातील प्रकरणाला पहिले व शेवटचे पान द्यावे लागते. संदर्भसूचीत प्रत्यक्ष वापरलेलीच साधने असावीत. केवळ वाचलेल्या, पण न वापरलेल्या पुस्तकांची नोंद करायची असल्यास ‘पूरक वाचन’ अशी यादी स्वतंत्र द्यावी. न उघडलेल्या ग्रंथांनी सूची लांबवणे हा मात्र शुद्ध देखावा ठरतो.

शैली कोणती?

जगभर रूढ असलेल्या शैलींपैकी चार प्रमुख आहेत. भाषा-साहित्याच्या अभ्यासात मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची ‘एमएलए’ शैली चालते. तिच्या मार्गदर्शिकेची नववी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि अनेक सामाजिक शास्त्रांत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची ‘एपीए’ शैली वापरतात. तिचा उगम १९२९ मधील काही पानांच्या सूचनांत आहे, तर सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली. इतिहासकारांना तळटिपांची ‘शिकागो’ शैली जवळची वाटते. तिची पहिली मार्गदर्शिका १९०६ ची आणि अठरावी आवृत्ती २०२४ ची. वैद्यकीय नियतकालिके क्रमांकांनी संदर्भ देणारी ‘व्हँकुव्हर’ शैली पाळतात. १९७८ मध्ये त्या शहरात जमलेल्या संपादकांमुळे तिला हे नाव पडले.

एकच पुस्तक या शैलींत कसे दिसते हे पाहण्यासाठी भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचे उदाहरण घेता येईल.

एमएलए : नेमाडे, भालचंद्र. कोसला. देशमुख आणि कंपनी, १९६३.

एपीए : नेमाडे, भा. (१९६३). कोसला. देशमुख आणि कंपनी.

शिकागोची जुनी रीत : नेमाडे, भालचंद्र. कोसला. पुणे: देशमुख आणि कंपनी, १९६३.

माहिती तीच असली तरी प्रत्येक शैलीचा भर निराळा आहे. एपीएमध्ये वर्ष लेखकाच्या लगोलग येते, कारण प्रयोगाधारित शास्त्रांत निष्कर्ष किती ताजा आहे याला महत्त्व असते. साहित्याभ्यासात शब्द आणि पान महत्त्वाचे, म्हणून तिथे वर्ष मागे जाते. प्रकाशनस्थळ एपीएने सातव्या आवृत्तीत आणि शिकागोने अठराव्या आवृत्तीत अर्वाचीन पुस्तकांसाठी अनावश्यक ठरवले. मराठीत मात्र ते ठेवणे हिताचे असते. छोट्या प्रकाशनसंस्थांची नावे सारखी असू शकतात, आणि जुन्या पुस्तकाचा शोध पुष्कळदा छापणाऱ्या गावावरूनच लागतो.

विद्यापीठाने वा नियतकालिकाने शैली ठरवून दिली असेल तर तीच पाळावी. ठरवून दिली नसेल तर एक निवडावी आणि अखेरपर्यंत तिला धरून राहावे. एका नोंदीत वर्ष कंसात आणि दुसरीत शेवटी, असे झाल्यास वाचकाचा सूचीवरचा विश्वास उडतो. छपाईचा एक मुद्दाही इथे येतो. ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत द्यावे असे या शैली सांगतात. देवनागरीत तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. म्हणून मराठी सूचीत ग्रंथनाम ठळक अक्षरांत आणि लेखाचे शीर्षक एकेरी अवतरणचिन्हांत, अशी व्यवस्था सोयीची पडते.

नावांचा पेच

परदेशी मार्गदर्शिका आडनाव आणि नाव एवढेच गृहीत धरतात. मराठी नावात मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि पुस्तकांवर पुष्कळदा केवळ आद्याक्षरे छापलेली असतात. ‘राजवाडे, वि. का.’ किंवा ‘खांडेकर, वि. स.’ हे वाचकाच्या परिचयाचे आहे, म्हणून ते तसेच ठेवावे. परंतु कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील अशा आडनावांपुढे केवळ एक आद्याक्षर दिल्यास त्या नोंदीचा मालक कोण हे कळणार नाही. तिथे पुस्तकावर छापलेले संपूर्ण नाव देणेच इष्ट.

टोपणनावांचा नियम सोपा आहे : शीर्षकपृष्ठावर जे नाव असेल ते नोंदीत घ्यावे आणि मूळ नावाखाली ‘पाहा’ असा निर्देश करावा. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आला आणि लेखिका कोण याविषयी तेव्हा बरीच चर्चा झाली. त्या होत्या बाळूताई खरे. विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. सूचीत नोंद ‘शिरूरकर, विभावरी’ अशी येईल आणि ‘बेडेकर, मालतीबाई – पाहा : शिरूरकर, विभावरी’ असा निर्देश असेल. तो नसेल तर एकाच लेखिकेचे लेखन दोन अनोळखी व्यक्तींच्या नावावर विखुरले जाते. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बालकवी, केशवसुत ही नावे उलटी करून लिहू नयेत. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई या संतांची नोंदही त्यांच्या नावानेच करावी. तिथे आडनावाचा आग्रह नको.

पुस्तक : आवृत्ती सांगितल्याशिवाय पान सांगू नये

नोंदीसाठी मुखपृष्ठावर विसंबू नये. शीर्षकपृष्ठ आणि त्याची मागील बाजू, ही माहिती घेण्याची खरी जागा होय. लेखक, ग्रंथनाम, उपशीर्षक, संपादक वा अनुवादक, आवृत्ती, प्रकाशक, स्थळ आणि वर्ष तिथून उतरवून घ्यावे. नवी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला भेदही पाहावा. पुनर्मुद्रणात सहसा पाने तीच राहतात, तर नव्या आवृत्तीत मजकूर, प्रस्तावना, पाने यांपैकी काहीही बदललेले असू शकते. वर उल्लेखिलेली ‘कोसला’ पुढे मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडून निघू लागली. हाती त्यांची प्रत असताना सूचीत १९६३ ची पहिली आवृत्ती लिहिली, तर दिलेले पान वाचकाला सापडणार नाही.

जुना ग्रंथ नव्या संपादनात वाचला असेल, तर दोन्ही वर्षे द्यावीत. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची आहे. आजचा अभ्यासक मात्र ती बहुधा समग्र वाङ्मयात वाचतो. तिची नोंद अशी होईल :

फुले, जोतीराव. ‘गुलामगिरी’ (१८७३). महात्मा फुले समग्र वाङ्मय. संपा. धनंजय कीर, स. गं. मालशे. मुंबई: महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, १९६९.

त्यापुढे त्या ग्रंथातील पृष्ठांक येतील. याच समग्र वाङ्मयाची य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. संपादकाचे नाव आणि वर्ष गाळून केवळ ‘समग्र वाङ्मय’ असे लिहिले, तर आपण कोणती प्रत वापरली हेच सांगायचे राहून जाते.

अनुवादित पुस्तकात मूळ लेखकाच्या नावाने नोंद करून ‘अनु.’ म्हणून अनुवादकाचे नाव अवश्य द्यावे. जे शब्द उद्धृत केले ते अनुवादकाचे असतात. संपादित ग्रंथातील एकच लेख वापरला असल्यास नोंद त्या लेखाच्या लेखकाच्या नावाने करावी, संपादकाच्या नव्हे.

वर्ष शके पद्धतीने छापलेले असल्यास ते तसेच नोंदवून शेजारी इसवी सन द्यावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. परंतु जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. वर्ष छापलेलेच नसेल तर अंदाजाने लिहू नये, ‘प्रकाशनवर्ष दिलेले नाही’ असे नोंदवावे. मात्र त्याआधी शोध घ्यावा. इ. स. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित पुस्तकांची नोंद करणारी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ अशा वेळी मोलाची मदत करते.

नियतकालिके आणि वृत्तपत्रे

नियतकालिकातील लेखाच्या नोंदीचा क्रम असा : लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना व साल, पृष्ठे. मराठीत ‘वर्ष ४२, अंक ३’ असे छापतात, त्यातील ‘वर्ष’ म्हणजे प्रकाशनाचे कितवे वर्ष. त्याचा इसवी सनाशी संबंध नाही. संगणकावर नोंदी भरताना ही चूक हमखास होते. जोडअंक असेल तर ‘अंक ३-४’ असे लिहावे.

दिवाळी अंक हा तर खास मराठी प्रकार. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये या परंपरेची सुरुवात केली. अनेक दिवाळी अंकांवर वर्ष वा अंकाचा क्रमांक नसतो आणि कोणतीही परदेशी मार्गदर्शिका त्यांच्याविषयी काही सांगत नाही. तिथे क्रमांकाच्या जागी ‘दिवाळी’ हा शब्द, साल, संपादकाचे नाव आणि प्रकाशनस्थळ द्यावे. तेवढ्यावर कोणताही ग्रंथपाल अंक काढून देऊ शकेल.

वृत्तपत्रासाठी पूर्ण दिनांक आवश्यक असतो. एकाच दैनिकाच्या मुंबई, पुणे, नागपूर आवृत्त्यांत पाने आणि बातम्या वेगळ्या असतात, म्हणून आवृत्तीचे शहर द्यावे. लेख पुरवणीतील असल्यास पुरवणीचे नावही. अग्रलेखावर लेखकाचे नाव सहसा नसते, तेव्हा नोंद शीर्षकाने सुरू होते :

‘देशाचे दुर्दैव’. अग्रलेख. केसरी, पुणे, १२ मे १९०८.

लोकमान्य टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जे लेख न्यायालयापुढे ठेवले गेले, त्यांपैकी हा एक. त्या खटल्याविषयी लिहिताना ‘केसरीतील लेख’ एवढेच म्हणून भागत नाही; शीर्षक आणि दिनांक दिला, तर वाचक तो अंक स्वतः काढून पाहू शकतो.

संतवाङ्मय आणि दप्तरे

ज्ञानेश्वरीचा संदर्भ पृष्ठांकाने देऊ नये. अध्याय आणि ओवी यांच्या क्रमांकाने द्यावा. परंतु तेवढेही पुरेसे नाही. राजवाडे यांची प्रत, साखरे परंपरेची प्रत आणि शासनाची प्रत यांत पाठभेद आहेत आणि ओवीक्रमांकही सर्वत्र जुळत नाहीत. तुकारामांच्या गाथेची अडचण याहून मोठी : एकच अभंग वेगवेगळ्या गाथांत निरनिराळ्या क्रमांकांनी येतो. म्हणून पहिल्याच टिपेत ‘सर्व क्रमांक अमुक प्रतीप्रमाणे’ असे एकदा स्पष्ट करावे आणि मग पुढे केवळ आकडे द्यावेत.

अप्रकाशित कागदपत्रांत संस्थेचे नाव, दप्तर, रुमाल क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि तारीख, अशी मोठ्याकडून लहानाकडे जाणारी उतरंड असावी. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालाचा क्रमांक नसेल तर नंतरच्या अभ्यासकाला तो कागद सापडणे जवळजवळ अशक्य. तोच कागद गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत वाचला असेल, तर संदर्भ खंडाचा द्यावा, मूळ कागद पाहिल्याचा आव आणू नये.

शासन आणि न्यायालय

शासकीय प्रकाशनाला व्यक्ती-लेखक नसतो, तिथे विभाग वा संचालनालय हाच लेखक. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ची नोंद अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या नावाने आणि संबंधित आर्थिक वर्षासह करावी. शासन निर्णयासाठी विभाग, विषय, निर्णयाचा क्रमांक व दिनांक द्यावा. संकेतस्थळावरील प्रतीवरचा संकेतांकही जोडल्यास शोध सोपा होतो.

न्यायनिर्णयात पक्षकारांची नावे आणि निर्णयसंग्रहाचा पत्ता असतो : केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (१९७३) ४ एससीसी २२५. यात ४ हा खंड आणि २२५ हे पान. हाच निर्णय ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणूनही मिळतो. खासगी निर्णयसंग्रहांवर विसंबावे लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःचे तटस्थ क्रमांक सुरू केले. कायद्याचा संदर्भ देताना अधिनियमाचे नाव, वर्ष आणि कलम द्यावे. मार्गदर्शक पुस्तिकेचे पान नव्हे.

महाजालावरील साधने

महाजालावरील मजकूर बदलतो, सरकतो, नाहीसा होतो. म्हणून लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, प्रसिद्धीचा दिनांक आणि पूर्ण दुवा यांबरोबर आपण तो मजकूर कधी पाहिला याचीही नोंद ठेवावी. नुसता दुवा म्हणजे संदर्भ नव्हे. दुवा मेला तर लेखक आणि शीर्षक यांच्या आधारे मजकूर अन्यत्र शोधता येतो. महत्त्वाच्या पानाची प्रत ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या संग्रहात जतन करून तो दुवा देणे अधिक सुरक्षित. शोधनिबंधाला डीओआय हा कायमस्वरूपी क्रमांक असल्यास तोच द्यावा. संकेतस्थळ बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही.

खुल्या ज्ञानकोशातील नोंद ही वाटचालीची सुरुवात मानावी आणि तिथून मूळ साधनापर्यंत जावे. नोंदच द्यायची असेल तर पाहिलेल्या आवृत्तीचा स्थिर दुवा द्यावा. ई-पुस्तकात पृष्ठांक स्थिर नसतील तर प्रकरण आणि परिच्छेद द्यावा. चित्रपटाची नोंद पुस्तकाहून स्वतंत्र असते : ‘श्यामची आई’ हे साने गुरुजींचे पुस्तक १९३५ चे, आणि त्याच नावाचा प्र. के. अत्रे दिग्दर्शित चित्रपट १९५३ चा. ध्वनिचित्रफितीतील विधान उद्धृत केल्यास मिनिट व सेकंद द्यावेत.

बोललेला शब्द

मुलाखतीत सांगणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक, प्रत्यक्ष की दूरध्वनीवरून, आणि नाव देण्यास संमती आहे की नाही, याची नोंद हवी. संमती नसेल तर नाव गाळून स्थळ व दिनांक द्यावा. लोकगीताखाली केवळ ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होणे ही जुनी सवय आता सोडायला हवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. ज्या बाईने ओवी जपली, तिचे नाव संदर्भात येणे हा तिचा हक्क आहे.

उसना संदर्भ आणि बनावट संदर्भ

मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातील तळटीप उचलून आपल्या सूचीत घालणे, हा सर्वांत रुळलेला गैरप्रकार. पहिल्याची चूक मग दहा प्रबंधांत फिरत राहते. मूळ साधन मिळाले नाही तर मूळ लेखकाचे नाव सांगून ‘उद्धृत’ या शब्दाने प्रत्यक्ष वाचलेल्या पुस्तकाचा संदर्भ द्यावा. सूचीतही तेच पुस्तक असावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी यात नवी भर घातली आहे. ती अगदी खरी वाटणारी, परंतु अस्तित्वातच नसलेली पुस्तके आणि निवाडे सांगू शकतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी अशा साधनाने रचलेले खोटे निवाडे न्यायालयापुढे ठेवले. त्याबद्दल त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. जी नोंद स्वतः उघडून पाहिलेली नाही ती सूचीत घालू नये, हाच यावरचा उपाय.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत साम्याच्या प्रमाणानुसार कारवाई ठरवली आहे. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होऊ शकते. रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची ही मात्र या मोजणीतून वगळली जाते. म्हणजे नीट दिलेला संदर्भ संशोधकाचे रक्षणही करतो.

अखेरची तपासणी

मराठी, हिंदी आणि इंग्रजी साधनांच्या याद्या स्वतंत्र ठेवाव्यात. क्रम संगणकाकडून लावून घेतल्यास तो एकदा डोळ्यांखालून घालावा : वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, संगणक मात्र ‘क्ष’ला ‘क’पाशी आणि ‘ज्ञ’ला ‘ज’पाशी बसवू शकतो. झोटेरोसारख्या मोफत प्रणाली शैली बदलण्याचे काम क्षणात करतात. भरलेली माहिती चुकीची असेल तर ती चूकही तितक्याच सफाईने मांडतात. म्हणून पुस्तक ग्रंथालयाला परत करण्यापूर्वीच त्याची पूर्ण नोंद करून ठेवावी. शेवटी मजकुरातील प्रत्येक संदर्भ सूचीत आहे ना, आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे ना, हे दोन्ही बाजूंनी पडताळावे.

मराठीतील कितीतरी नियतकालिके बंद पडली, कितीतरी पुस्तकांच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. अशा साधनाची पूर्ण आणि अचूक नोंद एखाद्या प्रबंधात असेल, तर पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक तिच्या आधारे ते पुन्हा शोधून काढू शकेल. संदर्भसूचीची पाने त्याच्यासाठीही लिहिली जातात.